पानामागे चाळीस सेकंद

त्या दिवसांत प्रज्ञा भिंगारदिवेला कुणी "कसं चाललंय?" असं विचारलं, तर ती "चाललंय" एवढंच म्हणायची. खरं तर काहीच चालत नव्हतं.

सुप्याच्या एमआयडीसीत दूध तपासायची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती, तिथं ती नोकरीला. गावच्या डेअरीत दुधाचा नमुना यंत्रात घातला की फॅट किती लागली ते शेजारच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. ही नव्व्याण्णव सालातली गोष्ट. खेड्यातल्या डेअरीवाल्यांनी कॉम्प्युटर नुकताच पाहिलेला. काही अडलं तर त्यांनी एक बटन दाबावं आणि पडद्यावर मराठीत मदत उघडावी, अशी सोय करायचं कंपनीनं ठरवलं. ती मदत लिहायचं काम प्रज्ञाकडं आलं. तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, सात वर्षं ती टेस्टिंगला होती. पण लिहिते सरळ, कुणालाही समजेल असं, म्हणून लगड साहेबांनी तिला तिथून उचलून कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं.

मदतीची पानं तयार करायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात एकेक पान लिहायचं, चित्रं घालायची, या पानावरून त्या पानावर जायच्या वाटा जोडायच्या, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक फाईल बांधून घ्यायची. दिवाळीपर्यंत ते बरं चाललं होतं. सुट्टी संपवून ती आली आणि त्याला काय झालं कोण जाणे. पान सेव्ह केलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसायचं. चाळीस सेकंद. एक शब्द बदलला, पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा चाळीस सेकंद. मार्च उजाडेपर्यंत पानं तीनशे चाळीस झाली. सगळी फाईल बांधायची तर सकाळी दहाला सुरू केलेली दुपारी दोनला संपायची. मध्येच वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीच्या सुमारासच पानं दोनशेच्या वर गेली होती. त्यामुळं तिला वाटलं, कामच वाढलंय, मशीनला झेपत नाही. सगळ्यांनाच तसं वाटलं. पुण्याच्या दुकानदारानं मेमरी वाढवून दिली, फरक शून्य. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना मुंबईला फोन लावला, तर तिथला मुलगा म्हणाला, काढून टाका आणि परत घाला. तिनं दोनदा काढलं, दोनदा घातलं. सर्व्हरवरची पानं आपल्या मशीनवर आणून पाहिली. हार्डडिस्क झाडून-पुसून घेतली, व्हायरस शोधणारा प्रोग्राम बंद करून पाहिला. काय केलं आणि किती वेळ लागला ते ती एका वहीत लिहून ठेवायची. वहीची अकरा पानं भरली, घड्याळ तसंच.

एक दिवस लगड साहेब तिच्या मागं येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण पुण्याच्या हेड ऑफिसातून रोज फोन यायचा आणि तो ह्यांनाच घ्यावा लागायचा.

"मॅडम, चित्रं फार घातलीत तुम्ही. चित्रांनी फाईल फुगते. काढा."

"साहेब, चित्रं डेअरीवाल्यांसाठी आहेत. वाचायचा कंटाळा करतात ते."

"मदत वेळेत पोचली तर वाचतील ना? काढा."

तिनं काढली. एकशे चाळीस चित्रं होती, त्यातली पंचवीस आधी काढली. फाईल बांधायला एक मिनिट कमी लागलं. तिनं वही दाखवली.

"कमी झाला ना वेळ?" साहेब म्हणाले. "मग उरलेलीही काढा."

तीही तिनं काढली. सगळी चित्रं फ्लॉप्यांवर उतरवून घेतली, ड्रॉवरात टाकली आणि कोरडी पानं वाचत बसली. 'झडप डावीकडे अर्धा फेरा फिरवा व जाळी बाहेर काढा.' वाक्य बरोबर होतं. पण डेअरीत कॅन घेऊन वीस माणसं ताटकळत उभी असताना ते कुणी वाचेल असं तिला वाटेना. फाईल बांधायला आता पाच मिनिटं कमी लागत होती, एवढंच.

संध्याकाळी एसटीत बसायला जागा मिळायची नाही. कामरगाव जायचं, चासचा घाट जायचा, तोवर दांड्याला धरलेला हात बधिर व्हायचा. केडगावला कुणी उतरलं तर ती टेकायची. घरी आई ताट वाढून बसलेली असायची. प्रज्ञा जेवायची, आईनं काही विचारलं तर मान हलवायची. काष्टीतल्या मावशीच्या घरचं लग्न येऊन गेलं, तिला रजा मिळाली नाही. मिळाली असती तरी तिच्यात जायचं त्राण नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मच्छिंद्र आला. हा कंपनीचा सर्व्हिसचा माणूस, पाथर्डीकडचा. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, हा आयटीआय करून यंत्रांच्या कामाला लागला. जिल्ह्यातल्या सगळ्या डेअऱ्या त्याला तोंडपाठ होत्या. मदतीची फाईल कुठवर आली ते बघायला तो आत आला आणि प्रज्ञाच्या खुर्चीमागं उभा राहून पानं बघू लागला.

"म्याडम, चित्रं कुठं गेली?"

"काढली."

"समदी? माझे हात पन?"

झडप उघडायच्या पानावर त्याच्याच हातांचे फोटो होते. तिनंच उन्हात उभं करून काढलेले.

"साहेबांनी सांगितलं. फाईल जड होते म्हणून."

मच्छिंद्र म्हणाला, "आमच्याकडं बायांची डेअरी हाय. बनुबाई चालवती. चौथी शिकल्याली बाई. मागल्या म्हैन्यात तुमी दिल्यालं कच्चं काम मी तिला दावलं हुतं. तिनं वाचलं न्हाई काय. हात बघितले न् झडप खोलली. मी न्हवतो तवा. आता ती काय बघंल?"

प्रज्ञानं सेव्ह दाबलं. वाळूचं घड्याळ आलं.

"ह्ये रोज आसंच?"

"पाच महिने. सगळं करून झालं. फार काम पडतंय त्याला."

"फार काम पडतंय, ह्ये कशावरनं?"

ती वळून त्याच्याकडं बघायला लागली.

"न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई," तो म्हणाला. "पन आमी यंत्र अडलं की पैल्यांदा मोटारीवर हात ठेवतो. गरम आसंल तर तिला वझं झालंय. गार आसंल तर ती राबतच न्हाई, अडून बसलीय. दोन्हीची दुखनी येगळी हायेत. गार मोटारीचं वझं कमी करून काय फायदा?"

तो चहा घ्यायला गेला. प्रज्ञा तशीच बसून राहिली. मग तिनं खाली वाकून पाहिलं. मशीनच्या डब्यावर एक लाल दिवा होता. हार्डडिस्क काम करत असली की तो लुकलुकायचा. पाच महिन्यांत तिची नजर पडद्यावरून हटली नव्हती, ह्या दिव्याकडं गेलीच नव्हती. तिनं सेव्ह दाबलं आणि दिव्याकडं बघत राहिली. दिवा विझलेला. दहा सेकंद, वीस, तीस. विझलेलाच. चाळिसाव्या सेकंदाला एकदा लुकलुकला आणि पान सेव्ह झालं.

तिनं चार ओळींचं पान उघडलं. चाळीस सेकंद. मग सगळ्यात लांब, तक्ते असलेलं पान उघडलं. तेही चाळीस सेकंद. वहीत हे कुठंच नव्हतं, कारण लहान-मोठी पानं तिनं कधी ताडून पाहिलीच नव्हती. सगळ्या फाईलचा वेळ तेवढा मोजत होती. मशीन राबत असतं, तर लहान पान लवकर झालं असतं. हे राबत नव्हतं. कुणाची तरी वाट बघत होतं.

वाट बघण्यासारखं मशीनच्या बाहेरचं काय होतं? एक नेटवर्कची वायर. तिनं मशीन बंद केलं, टेबलाखाली शिरून वायर उपसली आणि मशीन पुन्हा चालू केलं. मशीनवर उतरवून ठेवलेलं पान उघडलं, एक शब्द बदलला, सेव्ह केलं. घड्याळ आलंच नाही.

वायर परत लावली, मशीन परत चालू केलं. चाळीस सेकंद.

मग ती एकेक जोडणी तोडत गेली. सर्व्हरचा फोल्डर तोडला, तरी चाळीस. शेजारच्या टेबलाचा तोडला, तरी चाळीस. राहता राहिली प्रिंटरची जोडणी. तिची खिडकी तिनं पडद्यावर उघडली. नेहमीचा प्रिंटर म्हणून जिथं खूण होती, तिथं नाव होतं जुन्या शेडमधल्या खरेदी विभागाच्या प्रिंटरचं. दिवाळीत ती शेड रिकामी केली, तेव्हा प्रिंटर आणि तो ज्याला जोडला होता ते मशीन, दोन्ही भंगारात गेली होती. हे सॉफ्टवेअर दर पान सेव्ह करताना, छापलं तर ते कसं दिसेल हे त्या प्रिंटरला विचारायचं. तिकडून उत्तर यायचं नाही. ते चाळीस सेकंद थांबायचं, नाद सोडायचं आणि मग पान सेव्ह करायचं. फाईल बांधतानाही दर पानाला तेच: तीनशे चाळीस पानं, प्रत्येकी चाळीस सेकंद. तिनं वहीच्या बाराव्या पानावर गुणाकार केला. पावणेचार तासांना थोडं जास्त.

तिनं ती खूण काढून खोलीतल्याच प्रिंटरवर लावली. फाईल बांधायला घेतली. नऊ मिनिटांत झाली.

आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तो झाला नाही. रडू येईल असंही वाटलं, तेही आलं नाही. तिनं तेच पान, काहीही न बदलता, आठ-दहा वेळा सेव्ह केलं आणि मग उठून तोंड धुवायला गेली.

लगड साहेबांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. खाली बघत म्हणाले, "ती शेड मीच रिकामी करायला लावली होती." मग म्हणाले, "असो. झालं ना नीट? आता शनिवारी सीडी पाठवून द्या. मी पुण्याला कळवतो."

"शनिवारी नाही होणार, साहेब."

"का? नऊ मिनिटांत होतं म्हणालात."

"चित्रं परत घालायचीत."

"मॅडम, चित्रांवाचून काही अडलेलं नाही."

एरवी ती इथं "बरं साहेब" म्हणाली असती. ती दमलेली होती, वाद घालायला अंगात जोर नव्हता. पण बरं म्हणायलाही तो उरला नव्हता.

"चित्रांमुळं वेळ लागतो म्हणून ती काढली," ती म्हणाली. "वेळ त्यांच्यामुळं लागत नव्हता. मग ती बाहेर का ठेवायची? सहा दिवस द्या. पुण्याला माझं नाव सांगा."

साहेबांनी कॅलेंडरकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "पुढच्या शुक्रवारी," म्हणाले आणि गेले.

चित्रं काढणं सोपं होतं, घालणं नव्हतं. प्रत्येक चित्र त्याच्या पानावर हातानं बसवावं लागलं. दोन फ्लॉप्या खराब निघाल्या, त्यांवरची बावीस चित्रं गेली. त्यातली सर्वांत गरजेची सहा तिनं पुन्हा काढली, बाकीची सोडून दिली. झडपेचं पान शाबूत राहिलं. शुक्रवारी दुपारी सीडी गेली. मच्छिंद्र एक सीडी खिशात घालून पाथर्डीची गाडी पकडायला पळाला. जाताना दारातून नुसता हात वर केला.

त्या आठवड्यात तिनं ऑफिसातली बाकीची सात मशीनंही तपासली. सातही जणांची मशीनं त्याच भंगारातल्या प्रिंटरला विचारत बसली होती. कुणी तक्रार केली नव्हती. फाईल उघडायला लावून चहाला जायची त्यांना सवय होऊन गेली होती. लगड साहेबांनी तर आपलं मशीन जुनं झालं म्हणून नवं मागवलं होतं. ते आलंच.

रविवारी आई लसूण सोलत बसली होती. प्रज्ञा शेजारी भिंतीला पाठ टेकून बसली.

"मावशी विचारत हुती," आई म्हणाली, "लग्नाला का न्हाई आली म्हनून. मी सांगितलं, तिचं काम लई अवघड हाय."

"अवघड नव्हतं गं. अडकलं होतं नुसतं."

"कशात?"

प्रज्ञानं सांगायला सुरुवात केली. प्रिंटर, शेड, चाळीस सेकंद. आई ऐकत होती, मध्येच "व्हय का" म्हणत होती. अर्ध्यात प्रज्ञाचेच डोळे मिटायला लागले. आईनं लसणाची सुपली बाजूला सारली आणि उशी आणून दिली.

एप्रिलमध्ये वर्षाचे शेरे आले. तिच्या कागदावर लगड साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: काम व्यवस्थित, वेग अपेक्षेपेक्षा कमी. खाली तिची सही हवी होती.

"तारखा बघून भरावं लागतं, मॅडम," साहेब म्हणाले. "चूक तुमची नव्हती, मला माहीत आहे."

"मग तेवढं लिहा, साहेब."

"समासात?"

"समासात चालेल."

त्यांनी पेन उघडलं, थोडा विचार केला आणि समासात बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: विलंब यंत्रणेतील दोषामुळे, तो यांनीच शोधला. प्रज्ञानं ती दोनदा वाचली आणि सही केली. पुण्याला ती ओळ कुणी वाचली की नाही, हे तिला कधी कळलं नाही. ती टेबलाशी आली तेव्हा पुढच्या यंत्राचे कागद येऊन पडले होते. तिनं पंखा जरा आपल्याकडं वळवला आणि पहिलं पान लिहायला घेतलं.