निरोप नेणारा

मी लिहून आणलेला कागद वाचता वाचता मीनाक्षीकाकू एका वाक्यापाशी थांबल्या होत्या. वरच्या मजल्यावर, भर दुपारी, त्यांच्या मुलाच्या, राजसच्या खोलीत, खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले होते. त्याला उजेड सोसत नाही, भांड्यांचा आवाजही सोसत नाही. अमेरिकेतल्या श्रूजबरीतलं ते घर हलक्या पावलांनी जगायला शिकलं होतं.

काकूंच्या यजमानांना, एकनाथकाकांना, जाऊन तीन महिने झाले होते. स्मृतिसभेसाठी त्यांचं चरित्र लिहायचं काम आमच्या फुटबॉल क्लबने मला दिलं, कारण क्लबात मराठी असा मीच उरलो होतो. बहुतेक मजकूर सहज उतरला. नागपूरहून एम. एस. करायला आलेला एक तरुण सत्त्याण्णव साली मेलबर्नच्या रूममेटमुळे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नादी लागतो. अंडाकृती मैदान कुठेच मिळत नाही, म्हणून दोन बेसबॉल मैदानांच्या मधल्या गवतावर चुना टाकून आखलं जातं. गोलचे चार खांब म्हणजे प्लंबरकडून आणलेले पाइप. काका बचावात खेळत. उंच उडी घेऊन चेंडू झेलताना त्यांचं नाक दोनदा मोडलं. चाळिशीच्या आत गुडघा गेला, तेव्हा ते कोच झाले आणि चौदा वर्षं राहिले.

काकूंना अडवणारं वाक्य त्यापुढचं होतं. शेवटच्या फायनलमध्ये, डोक्याला मार बसलेल्या आपल्या मुलाला त्यांनी ताबडतोब बाहेर बोलावलं होतं.

"बोलावलं होतं?" काकूंनी कागद खाली ठेवला. "दोन वर्षं मी ह्यांच्याशी बोलले नाही, सिद्धेश. ताट वाढायचे आणि किचनमधून निघून जायचे. एका कपासाठी पोराला मैदानात उभं ठेवलं म्हणून. ते एकदाही म्हणाले नाहीत, की मी बोलावलं होतं. मग हे तू कुठून आणलंस? गेलेल्या माणसाला गोड करायला?"

या खेळात कोच मैदानात पाऊल टाकत नाही. चालू खेळात त्याचा निरोप घेऊन एक माणूस धावत आत जातो. त्याला रनर म्हणतात. सहा वर्षं तो मी होतो. "तुझे पाय ठीक आहेत, हात बनवताना देव लंचला गेला होता," असं म्हणून काकांनीच मला ते काम दिलं होतं.

त्या दिवशी राजस पडला, उठला, आणि आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. काका मला म्हणाले, "त्याला आत्ता बाहेर आण. मॅच गेली तरी चालेल."

मी धावलो. चार मिनिटं उरली होती, आम्ही पाच गुणांनी पुढे होतो, आणि समोरच्या संघाच्या उंच फॉरवर्डला अडवू शकेल असा एकटा राजस होता. इतक्या वर्षांत आम्ही काहीच जिंकलो नव्हतो. त्याच्यापाशी पोचेपर्यंत माझ्या तोंडातला निरोप बदललेला होता. मी त्याला म्हणालो, काका म्हणतायत, चारच मिनिटं काढ. परत येऊन काकांना सांगितलं, तो यायला तयार नाही. ओढून आण, असं ते म्हणत होते, तेवढ्यात राजसच्या डोक्याला दुसरा मार बसला.

राजसला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. मुलाने आपलं ऐकलं नाही, असंच काका समजत राहिले, आणि त्याच्या दुखावलेल्या डोक्यावर आणखी दोष नको म्हणून सगळा स्वतःवर घेऊन गप्प बसले.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांचा हात टेबलावरून काहीतरी पुसत होता. टेबल स्वच्छ होतं.

"म्हणजे जाईपर्यंत ह्यांना वाटत होतं, की राजस नाही म्हणाला?"

"हो."

"आणि राजस हॉस्पिटलात असताना तू रोज आम्हाला डबा आणून देत होतास."

"हो."

वर पलंग करकरला. राजस उठला असावा. काकूंनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, फार वेळ, एखाद्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्यात ओळख शोधावी तसं.

"काकू," मी म्हणालो, "राजसला मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"हा निरोप तुझ्या हाती नको," म्हणत त्या उठल्या. कठड्याला धरून, आवाज होऊ न देता, एकेक पायरी चढत वर निघून गेल्या.