दोन सूत कमी

"बाहेर ये ना, बघू तरी," काचवाला ट्रायल रूमच्या पडद्याशी तोंड नेऊन म्हणाला.

"नको."

"अगं पण..."

"बाबा, नको म्हटलं ना. हा हात बघा फक्त."

पडद्याच्या कडेतून एक हात बाहेर आला. काळ्या कोटाची बाही कोपराच्या जरा पुढे येऊन दमून थांबली होती. मनगट पार लांब राहिलं होतं. शेजारी उभा असलेला सेल्समन तोंडावर हात धरून खोकला. तो खोकला नव्हता हे काचवाल्याला कळलं.

"साहेब, लेडीजमध्ये यापेक्षा मोठा येत नाही. तुम्ही असं करा, जेंट्समध्ये बघा."

"तिकडूनच आलोय. तिथला खांद्यात बसतो, पण कमरेला तंबू होतो."

"मग मुलांच्या सेक्शनला..."

"तिथं बाही हाफ होते," पडद्यामागून आवाज आला. "आता पाळणाघराचा सेक्शन दाखवताय का काका?"

या वेळी सेल्समन उघड हसला आणि काचवालाही हसला. पोरीच्या जिभेला धार होती. आईची होती तशीच.

मुलगी सोळाची. खांदे रुंद, हात लांब, कंबर नावाला. शाळेत पोरं तिला शिडी म्हणायची. आतापर्यंत तिचे कपडे हे खातं आईकडे होतं. आई तिला घेऊन कुठंतरी जायची, संध्याकाळी दोघी पिशव्या घेऊन यायच्या आणि सगळं अंगाला नीट बसलेलं असायचं. कुठून आणलं, कसं जमवलं, हे काचवाल्यानं कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी बायको गेली, तेव्हा न विचारलेलं बरंच काही तिच्याबरोबर गेलं. त्यात हेही होतं.

स्कूटरवरून घरी येताना मुलगी मागून म्हणाली, "मी गाण्याच्या बाईंना सांगते, दुसऱ्या कुणाला तरी घ्या म्हणून."

"कशाला?"

"सगळ्यांना काळा कोट पाहिजे. मला तो मिळतच नाही. शेवटच्या रांगेत मी आईचा जुना स्वेटर घालून उभी राहिले तरी कुणाला दिसत नाही. पुढं एकटीनं उभं राहायचं म्हणजे... जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे?"

"कोट झाला तर गाईन. नाही झाला तर नाही. संपलं."

काचवाल्यानं स्कूटरचा गिअर उगाचच बदलला. बाकी कुणाला ही एका कोटाची गोष्ट वाटली असती. पण आई गेल्यावर महिनोन् महिने ही पोर गायली नव्हती. शाळेच्या गानवृंदात नाव होतं, म्हणून नुसती जाऊन उभी राहायची. ओठ हलवायची, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. मग एका सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. काचवाला दाढी करत होता. तो हातात वस्तरा घेऊन तसाच उभा राहिला आणि गालावरचा फेस वाळून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाण्याच्या बाईंनी तिला एकटीनं गायला निवडलं. आता ती परत मागच्या रांगेत गेली, तर आवाजही मागं जाईल, याची त्याला धास्ती होती.

"टेलरबाईंकडे जाऊ," तो म्हणाला. "आईचे कपडे त्याच शिवायच्या."

"मी नाही येणार."

"का?"

"त्या मला वरपासून खालपर्यंत बघतील, म्हणतील, 'अगदी आईवर गेलीस गं,' आणि रडतील. मग मला त्यांची समजूत काढत बसावं लागेल. मला नाही जमत ते."

हे मात्र त्याला पटलं. त्यालाही जमत नव्हतं.

"मग मी घेतो तुझं माप," तो म्हणाला. "जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

त्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्या, दारं, कपाटं, आरसे, सगळ्यांच्या काचा तो कापायचा आणि बसवायचा. गावात त्याच्या हाताची एक काच परत आली नव्हती. त्याचा नियम साधा होता. कुठलीच चौकट सगळीकडे सारखी नसते. म्हणून माप वर घ्यायचं, मध्ये घ्यायचं, खाली घ्यायचं. त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. आणि काच त्यापेक्षाही दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी कापायची. काच घट्ट झाली की तडकते.

घरी आल्यावर त्यानं खिशातून स्टीलचा टेप काढला. मुलगी बाहेरच्या खोलीत उभी राहिली. काचवाला ठेंगणा होता. त्यानं हात वर केला, तो तिच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोचला.

"वाकू का?"

"हां, जरा."

ती वाकली. बापाशी बोलताना ती नेहमीच वाकायची. दुकानात काच कापण्याच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकायला वाकायची, रस्त्यानं बरोबर चालतानाही वाकायची. त्यात वेगळं असं काही नव्हतं.

"बाबा, गार लागतोय! आणि गुदगुल्या होतायत!"

"हलू नको. चौकट हलली तर माप कसं घेऊ?"

"चौकट कुणाला म्हणताय?"

तो हसला. त्यानं छाती तीन ठिकाणी मोजली. पाठ, खांदा, बाही, सगळं मोजलं. सगळ्यात लहान माप धरलं. हाताला वळण पडलेलं होतं, त्यानं त्यातून दोन सूत वजा केले आणि आकडे पुठ्ठ्यावर लिहून काढले.

दुसऱ्या दिवशी टेलरबाईंनी तो पुठ्ठा हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"ही छाती नक्की?"

"तीन ठिकाणी बघितली."

"मग आणखी तीन ठिकाणी बघा. खांदा बघा केवढा, आणि छाती ही एवढीशी? अहो, मुलगी आहे की तावदान? माणूस श्वास घेतो."

"बाई, माझं माप चुकत नाही. विचारा कुणालाही."

"ते खिडक्यांचं. तिला घेऊन का नाही आलात?"

"शाळा असते."

टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "आईएवढी उंच झाली असेल, नाही?"

"तिच्यापेक्षा जरा कमी," काचवाला म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं.

"बरं. तुमच्या मापानं शिवते. आत शिवणीत माया भरपूर ठेवते. चुकलं तर उसवायला मी आहेच."

कोट झाला. काळा, आतून चकचकीत अस्तर, पुढं दोन बटणं. मुलीनं तो घरी घालून पाहिला. घरातला मोठा आरसा काचवाल्यानंच बनवलेला, आणि रोज दाढी त्यालाच करायची म्हणून त्याच्याच उंचीला टांगलेला. मुलगी सवयीनं गुडघ्यात आणि पाठीत थोडी वाकली आणि तिनं स्वतःला पाहिलं. बाही मनगटापर्यंत आली होती. खांदे जागेवर होते. कमरेला तंबू नव्हता. पाठीवर एक चुणी नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "बसला."

"मग? माप कुणाचं? टेलरबाई म्हणत होत्या, मुलगी आहे की तावदान!"

"अंगालाच शिवल्यासारखा बसलाय!" तिनं वाकून बापाला मिठी मारली. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काचवाल्यानं कोटाची हकीकत सांगितली. एका म्हातारबाबांना तर दोनदा सांगितली.

कार्यक्रमाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यानं आपली टोपी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली, आणि खुर्ची तशीच राहू दिली.

पडदा सरकला. सगळी पोरं काळ्या कोटात. दोन गाणी सगळ्यांची झाली. मग गाण्याच्या बाईंनी मान हलवली आणि शेवटच्या रांगेतून त्याची मुलगी पुढे आली. खांदे आत ओढलेले, मान खाली. मधल्या जागेत येऊन उभी राहिली. सभागृह शांत झालं.

तिनं डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काचवाल्याला ते सगळं दिसलं. आधी तिची मान वर आली. मग खांदे मागं गेले. मग पाठ सरळ होत गेली, होतच गेली. आता संपेल असं वाटलं तरी ती उंच होत होती. कोटाची कड वर सरकली, बाह्या मनगट सोडून मागं गेल्या, आणि छातीवरचं वरचं बटण टचकन उडालं. स्टेजच्या लाकडावर ते वाजलं, घरंगळलं आणि खाली पडलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. काचवाला खुर्चीतून अर्धा उठला. हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना. आता ही वळणार, आत पळणार, आणि परत कधी तोंड उघडणार नाही. आणि हे सगळं आपल्या मापानं झालं.

मुलीनं खाली पाहिलं. एकदा कोटाकडे, एकदा समोर. मग शांतपणे हात वर नेला आणि खालचं दुसरं बटण स्वतःच काढलं. कोट मोकळा झाला. तिनं परत श्वास घेतला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि गायला लागली.

गाण्यातलं काचवाल्याला काही कळत नव्हतं. आवाज शेवटच्या भिंतीला लागून परत येतोय, एवढं कळत होतं. आणि ती वाकत नव्हती, एवढं दिसत होतं. तो हळूच खाली बसला. संपल्यावर लोक टाळ्या वाजवत होते, तेव्हा हा टोपी मुठीत चुरगाळत होता.

सभागृह रिकामं झालं, तेव्हा काचवाला पहिल्या रांगेखाली गुडघ्यांवर होता. समोर मोठे काळे बूट येऊन थांबले.

"बाबा, काय शोधताय?"

"बटण."

"तावदान फुटलं ना तुमचं?"

त्यानं खुर्चीखालून वर पाहिलं. ती हसत होती. पोट धरून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यालाही हसू आवरेना. बटण खुर्चीच्या पायाशी सापडलं.

तेवढ्यात गाण्याच्या बाई आल्या. "अहो, पुढच्या महिन्यातही हीच पुढं उभी राहणार आहे. कोट तेवढा नीट करून घ्या."

"करतो," काचवाला म्हणाला. मुलगी नाही म्हणाली नाही, हेच त्यानं घट्ट धरून ठेवलं.

घरी येईपर्यंत एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. आजवर आपली एक काच परत आली नाही, मग हे चुकलं कसं? घरात शिरल्या शिरल्या त्यानं टेप काढला.

"उभी राहा बघू."

मुलगी उभी राहिली. त्यानं हात वर केला, आणि ती सवयीनं वाकली.

काचवाल्याचा हात तिथंच थांबला.

भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो होता. त्यात नवरा-बायको दोघं एका उंचीची दिसतात. प्रत्यक्षात बायको उंच होती. फोटोग्राफर नवरीला म्हणाला होता, "ताई, गुडघ्यात जरा वाका, म्हणजे जोडा शोभेल." त्यावर ती म्हणाली होती, "मी नाही वाकणार. यांना कशावर तरी चढवा." मग कुठून तरी एक खोकं आणलं आणि नवरदेव त्याच्यावर चढला. फोटोत खोकं येत नाही. ते दोघांनाच माहीत होतं, आणि कितीतरी वर्षं दोघं त्यावर हसत आली होती.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. थांब जरा."

तो आत गेला आणि स्टूल घेऊन आला. खिडक्यांच्या वरच्या काचा बसवायला वापरायचा तेच, पुट्टीचे डाग पडलेलं. ते त्यानं तिच्या मागं ठेवलं, हलतंय का बघितलं, आणि वर चढला.

"वाकू का?"

"नको. आजपासून नको. मी आलोय वर."

ती सरळ उभी राहिली. काचवाल्याला तिच्या डोक्यावरचा भोवरा दिसला. केस तिथून गोल फिरून खाली उतरले होते. ती लहान असताना तो रोज दिसायचा, मग कधी दिसेनासा झाला ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. बायकोच्या डोक्यावरही अगदी असाच होता. तो त्याला पहिल्यांदा दिसला, तो ती अंथरुणाला खिळल्यावरच, उशाशी बसून तिचे केस विंचरताना.

त्यानं टेप तिच्या छातीभोवती घेतला आणि पाठीवर टोक धरलं.

"श्वास घे."

"केवढा?"

"गाताना घेतेस तेवढा."

तिनं श्वास घेतला. टेप त्याच्या बोटांतून सरकत गेला, आणि त्यानं तो सरकू दिला.