अडीचशे कोटींत एक

गणिताला जात नाही, गोत नाही, भीड नाही, असं दत्तात्रेय लेल्यांनी पंचांना सांगितलं. समोर बसलेल्या पंचांना तिन्ही होती. त्यामुळे ते वाक्य वाया गेलं.

लेले अलिबागच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदींचे कारकून. १९३३च्या वैशाखअखेर वह्या तपासायला ते जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात आले, आणि गोदूबाई कोळणीने त्यांचे पाय धरले. तिचा थोरला, नामा, तीन वर्षांपूर्वी होडीत वीज पडून गेला. त्याच्या बायकोने, केसरने, रीतीप्रमाणे धाकट्या दिराशी, सदाशी, पाट लावला. आठ दिवसांपूर्वी सदाही होडीतच, विजेनेच गेला. आता वाडा म्हणत होता, वीज केसरच्या कपाळात आहे, हिला गावाबाहेर काढा.

"दोन पोरं गेली माजी. आता पोरीला पन न्हेत्यात. तुमी शिकलेले हाव. सांगा त्यांना, हिचा काय दोस न्हाय."

उपकार करायची संधी आणि गणित करायची संधी लेल्यांना एकदम कधी मिळाली नव्हती.

"जिल्ह्याची वस्ती सहा लाख," ते पंचांना म्हणाले. "वर्षाला विजेने मरतात बारा. म्हणजे पन्नास हजारांत एक. एकाच बाईचे दोन नवरे म्हणजे पन्नास हजार गुणिले पन्नास हजार. अडीचशे कोटींत एक! असा दुर्मिळ योगायोग. यात त्या बाईचा काय दोष?"

वाड्याच्या अंबाजी पाटलाने बिडी तोंडातून काढली. "आन् भाऊसाहेब, सगल्या दुनयेत मानसं किती?"

लेल्यांना हा आकडा पाठ होता, आणि पाठ असलेला आकडा दडवणं त्यांना जमत नसे. "दोनशे कोट."

"म्हंजी दुनयेत अशी एक पन बाई नसाया पायजे. आन् आमच्या वाड्यात हाय. मंग ह्यो योगायोग कसा व्हईल?"

पंचांनी माना डोलावल्या. वाड्यात गणित इतकं नीट कुणालाच कधी समजलं नव्हतं. केसरला सांजेपर्यंतची मुदत मिळाली.

निघताना केसरने लेल्यांना शहाळं आणून दिलं. कोळ्यांच्या घरचं पाणी ते पीत नसत.

"भाऊसाहेब, म्हंजी माज्यावानी दुसरी कोनच न्हाय?"

"हिशेबाने नाही."

"बरं हाय," ती म्हणाली. "नको कुनी."

परतीच्या गलबतात डोलकाठीकडे बघता बघता लेल्यांना आपली चूक कळली. कचेरीतला कारकून आणि समुद्रावरचा कोळी यांच्यावर वीज सारख्या भावाने पडत नाही. जिल्ह्यात होडीवर जाणारे बारा हजार. मेलेल्या बारांतले सहा तेच. म्हणजे वर्षाला दोन हजारांत एक. दहा वर्षांच्या संसारात दोनशांत एक. दुसऱ्या नवऱ्याचंही तेच. दोन्ही मिळून चाळीस हजारांत एक. शिवाय हे केसरच्याच नशिबी का, हा प्रश्नच नव्हता. इलाख्याच्या किनाऱ्यावर कोळणी लाखभर. त्यांत अशा दोघी-तिघी निघणारच. बाकीच्यांना कुठल्या कुठल्या गावांनी हाकललं असेल, ते मात्र काढता येत नव्हतं.

त्यांनी अंबाजीला चार पानी पत्र लिहिलं. आकडे तांबड्या शाईने लिहिले, शेवटी माफी मागितली, आणि बाईला परत आणावं अशी विनंती केली. आयुष्यात त्यांनी कोळ्याला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. उत्तर मार्गशीर्षात आलं, शाळामास्तरांच्या अक्षरात: "पत्र पावले. बाई गेली ती गेली. गेल्यापासून एकदाही वीज पडली नाही."

मार्गशीर्षापर्यंत मासळीही चांगली लागली होती, असं खाली जोडलं होतं.

पुढच्या साली दुसऱ्याच एका गावच्या मृत्यूवहीत नोंद आली: केसर, कोळीण, विधवा, वय अदमासे सव्वीस, ताप. लेल्यांनी ती तापाच्या रकान्यात धरली.

त्या साली जिल्ह्यात तापाने साडेसात हजार माणसं मेली.