करवत

"मास्तर, मशीन का बंद पडलं?"

"पडलं नाही. मी बंद केलंय."

सुपरवायझर हातातली यादी तशीच धरून टेबलापाशी आला. पांढऱ्या कापडाचे ऐंशी थर एकावर एक रचलेले होते आणि उभं पातं गळ्याच्या गोलाईत अर्ध्यावर थांबलं होतं. मास्तरने लोखंडी जाळीचा हातमोजा काढून बाजूला ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर डावीकडे उजेडाची एक करवत फिरायला लागली होती. दातेरी, लखलखती, हळूहळू मोठी होत जाणारी. त्या करवतीच्या आत कापड नव्हतं, टेबल नव्हतं, काहीच नव्हतं.

"मला अर्धं टेबल दिसत नाहीये," ती म्हणाली. "थोड्या वेळात डोकं उठेल. हा लॉट आता माझ्याकडून व्हायचा नाही."

"डोकं काय, माझंही दुखतं. सकाळपासून दुखतंय. मी बसलोय का घरी?"

शिलाईच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

कापणाऱ्याला मास्तर म्हणायची कारखान्यातली रीत. त्या जागी बाई आली म्हणून कुणी शब्द बदलला नाही, आणि तिलाही तो बदललेला चालला नसता. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही लॉट वाया गेला नव्हता. पातं सूतभर जरी सरकलं तरी ऐंशी शर्ट रद्दीत. ते सरकलं नव्हतं, कारण दिसत नसताना तिने ते कधी चालवलंच नव्हतं. पण हे कुणाच्या लक्षात राहत नसे. लक्षात राहायचे ते तिचे खाडे.

तिसऱ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा तिच्या टेबलाशी दुसराच कापणारा उभा होता.

"तुम्हाला बटणांच्या विभागात टाकलंय," सुपरवायझर म्हणाला. तो दुष्ट नव्हता, फक्त घाईत असायचा. "हलकं काम आहे. तुमच्याच भल्यासाठी."

"माझं डोकं दुखतं, हात नाही."

"मग डोक्याचं काहीतरी करा ना, मास्तर!"

जसं काही तिने केलंच नव्हतं! एका डॉक्टरने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्याने चष्मा दिला. तिसऱ्याने डोक्याचे फोटो काढले आणि 'काहीसुद्धा नाहीये' असं, जणू बक्षीस जाहीर केल्यासारखं, हसत हसत सांगितलं. नणंदेच्या लेपांनी कपाळाची सालं निघाली, पण दुखणं ठाण मांडून बसलं ते बसलंच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. शेवटी तिने आपली आपणच वाट काढली. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी. आधी महिन्यातून चार, मग आठवड्यातून चार, आणि आता रोज सकाळी एक, दुपारी एक.

बटणं मोजण्याच्या आठव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "त्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाई बसतात म्हणे. उद्या सुट्टी टाका."

डॉक्टरीणबाई वयाने तिच्यापेक्षा लहान होत्या.

"काय होतं?"

"डोकं दुखतं. अर्धशिशी आहे."

"दुखायच्या आधी काय होतं?"

हा प्रश्न मास्तरला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने शब्द शोधले, ते सापडेनात. मग पर्समधून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि टेबलाच्या काळ्या रेक्झिनवर एका दमात रेषा ओढली. बाहेरून दातेरी, आतून रिकामी, एका बाजूने उघडी.

"इथून सुरू होते. अशी वाढत बाहेर जाते. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मग डोकं."

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून पाहत राहिल्या. "ही करवत बघणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आमच्या पुस्तकात अगदी अशीच आकृती आहे. तुमची जास्त स्वच्छ आहे."

"रेषा चुकली तर आमच्याकडे ऐंशी शर्ट जातात."

शेजारी बसलेला नवरा त्या खडूच्या रेषेवरून नजर काढेना. ती आजारी असली की खिडक्यांना चादरी लावून, चपला हातात घेऊन घरात वावरणारा माणूस तो. त्याने ती करवत आज पहिल्यांदा पाहिली. "एवढी मोठी?" तो हळूच म्हणाला.

गोळ्यांची पट्टी पाहून मात्र डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "ह्या बंद. रोज घेऊन घेऊन डोकं गोळीला सोकावलंय. आता निम्मं दुखणं तिचंच आहे. पहिले पंधरा दिवस वाईट जातील. एक औषध रोजचं देते, झटका येऊ नये म्हणून. एक झटका आल्यावरचं, तेही मोजूनच. आणि प्रत्येक दुखणं तारखेनिशी लिहून ठेवायचं."

"मुळापासून जाईल?"

"तसं खोटं सांगणार नाही. पण महिन्यातले बरेच दिवस तुम्हाला परत मिळतील."

मास्तरला ते आवडलं. इतकं सरळ माप तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. दारातून मागे वळून ती म्हणाली, "तुमच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. कापणाऱ्याची चूक आहे, शिवणाऱ्याची नाही."

पंधरा दिवस खरंच वाईट गेले. उलट्या झाल्या, भिंतीला डोकं टेकून ती रडली, दोनदा पर्सकडे हात गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. सोळाव्या दिवशी ती उठली तेव्हा डोकं नुसतंच डोकं होतं. चार महिन्यांत वहीतले दुखण्याचे दिवस महिन्याला सतरावरून पाचवर आले.

मग ती वही घेऊन ती थेट मालकांसमोर उभी राहिली. सुपरवायझरही तिथेच होता.

"बावीस वर्षांत माझा वाया गेलेला एक लॉट दाखवा."

मालकांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने यादीत पाहिलं. यादीत काही नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला, मास्तर?"

"माझं टेबल. कापडाच्या गोदामात आडवं व्हायला एक बाकडं, तिथे अंधार असतो. आणि मी मशीन बंद केलं की का म्हणून कुणी विचारायचं नाही. दिसायला लागलं की मी आपणहून उठेन."

"एवढंच?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकडं सुपरवायझरने स्वतः गोदामात नेऊन ठेवलं.

पुढच्या तपासणीला ती दवाखान्यात एकटीच गेली. प्रतीक्षेच्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई ओढणीने डोळे बांधून बसली होती. पलीकडे तिचा नवरा कुणाला तरी फोनवर सांगत होता, "काही नाही हो, नेहमीचंच नाटक. डोकं म्हणे."

मास्तर उठली. भिंतीपाशी जाऊन तिने त्या बाकावरची ट्यूब बंद केली.

"ओ बाई, लाइट कशाला बंद केला?" खिडकीतला कारकून ओरडला.

"तिला दुखतंय," मास्तर म्हणाली. "आणि तुम्ही जरा हळू बोला."

फोनवरच्या माणसाने फोन खिशात टाकला. मास्तर त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने बाईचं डोकं अलगद कलंडलं आणि मास्तरच्या खांद्यावर टेकलं.

कारकुनाने नंबर पुकारला. मास्तरचाच होता. तिने मान वळवली नाही, खांदा हलू दिला नाही. नुसता एक हात वर करून तिने खूण केली, पुढच्याला पाठवा, आणि ताठ बसून राहिली.