शून्यावर न टिकणारा काटा

मी एक जुनी वेदनापट्टी आहे, मित्रांनो. वीतभर लांब, प्लास्टिकची. पुढच्या अंगाला हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहरे, पाठीवर शून्य ते दहा आकडे आणि मधोमध सरकणारा लाल काटा. रुग्णाने आपल्या दुखण्याजोगा चेहरा शोधून काटा सरकवायचा, सिस्टरने पाठीवरचा आकडा वाचून लिहायचा. काटा म्हणजे माझा जीव. आत्ता तीनवर, घटकेत आठवर. स्वस्थ बसणं त्याच्या नशिबी नाही.

माझे मानाचे दिवस आले ते गुडघ्याच्या वॉर्डात. गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध नव्याने बसवला की दुखणं जीव खातं. ते थोपवायला भूलतज्ज्ञ डॉक्टर नसेजवळ बधिर करणारं औषध सोडत. पण सुई कुठे द्यावी, जांघेत की मांडीच्या मध्यावर आतल्या अंगाला? दोन्हींची तुलना चालली होती. कुणाला कुठली, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवी. आणि निवाडा करणार मी! माझा काटा शून्यावर गेला की मी फुलून जाई.

एके दिवशी एक रंगारी आला. शिडीवरून घसरून गुडघा गेलेला. तो उंच भिंती रंगवी, थोरली बहीण खाली रंग कालवी. गुडघा पुन्हा शिडीवर चढेल ना, हीच दोघांची चिंता.

शस्त्रक्रियेनंतर सिस्टरने मला त्याच्या हाती दिलं. "किती दुखतंय, दादा?"

"दुखतंय कुठे? लिहा शून्य. पाय शेजाऱ्याचा असल्यागत पडलाय."

"शेजाऱ्याचा आहे ना, मग परस्पर घेऊन जायचं नाही. उठायचं तर बेल वाजवा."

सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. मी उशाशीच राहिले. थोड्या वेळाने रंगारी तोंड धुवायला उठू लागला.

"गप पड," बहीण म्हणाली.

"अगं ताई, शून्य आहे. ही पट्टीच सांगते."

माझ्याच शब्दावर उठला तो! पाय टेकला आणि मांडी ओल्या कागदासारखी दुमडली. ताईने त्याला काखेत हात घालून धरलं, दोघं भिंतीला घासत खाली बसली. मी फरशीवर आदळले. शून्यापाशी चीर गेली.

डॉक्टर गुडघा तपासत होते तेवढा वेळ माझा काटा थरथरत होता. ताई भावाचा हात सोडत नव्हती. "दुखलं असतं तर उठला नसतास, मेल्या."

"नवा बंध शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी रंगाऱ्याच्या पाकिटातली चिठ्ठी काढून पाहिली. सुई जांघेतली होती. "दुखणं दोन्हींनी झोपतं. पण या सुईने मांडीचं बळही पार झोपलं."

"मग आपण नुसतं दुखणंच का विचारतो?" म्हणत सिस्टरने तक्त्यावर माझ्या आकड्याशेजारी नवी चौकट आखली: पाय उचलता येतो का?

दुसऱ्या दिवशी औषध उतरलं. रंगाऱ्याने काटा सहावर नेला, मुकाट्याने बेल वाजवली आणि मगच पाय उचलून दाखवला. ताईने पहिल्यांदा डोळे पुसले.

मित्रांनो, दुखणं लपवू नका, पण ते गप्प झालं म्हणून अंग बरं झालं असंही समजू नका. त्या चिरेमुळे माझा काटा आता शून्यावर टिकत नाही, हळूच घसरतो. सिस्टर मला टाकून देत नाहीत. काटा घसरला की त्या मान वर करतात आणि म्हणतात, "पाय उचला बघू."