तापल्या दगडांवरच्या सासूबाई

"बघा, बघा! हाय नाही, हुय नाही!" पायगुरू माइकवर ओरडला आणि शंभर-दीडशे अनवाणी माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भर दुपारी, तव्यासारख्या तापलेल्या काळ्या दगडांवरून एक बाई सावकाश चालत होती. कपाळावर आठीसुद्धा नाही. तिच्याआधीचा धिप्पाड गडी दोन पावलांत बोंबलत बाहेर पळाला होता. बाईने टोक गाठलं, वळली आणि पुन्हा चालू लागली.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

शहराच्या मधोमध, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात ही अनवाणी बाग. दारातच चपला आणि मोबाइल पिशवीत घालून घेतात, पिशवी परस्पर बाहेरच्या दाराकडे जाते. मग ओली वाळू, शेवाळ, भुसा, चिखल, गोटे असे एकामागून एक सात वाफे. वाट जेमतेम दोघांपुरती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर जाळी, आणि मागे वळलं की रखवालदाराची शिट्टी. मी तीनदा वळले, तीनदा शिट्टी खाल्ली. पुढे शेवटच्या वाफ्यापाशी चमत्कार बघायला गर्दी तुंबलेली, मागून रेटा. जीव नुसता गुदमरत होता.

खरं सांगायचं तर तीन आठवडे घरातही माझं हेच झालं होतं. आई दर रविवारी इथे येत होत्या, लोक त्यांच्या पाया पडत होते, आणि या पायगुरूबाबाच्या सांगण्यावरून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मी इस्पितळात जखमांचं ड्रेसिंग करते, दिवसभर पायच बघते. पण घरात सुनेचं ऐकतो कोण? "जन्मात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक करतंय, तर तुझ्या पोटात दुखतंय," असं त्या मलाच सुनवायच्या. आज सकाळी त्यांच्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला. पाय दाखवा म्हटलं, तर पाय अंगाखाली घेऊन बसल्या. म्हणून मी हट्टाने सोबत आले होते, आणि गर्दीत त्या माझ्या हातून निसटल्या होत्या.

"तळव्यात बहात्तर हजार दारं!" पायगुरूची टकळी चालूच होती. "बूट घातले की दारं बंद! आत कचरा कुजतो, त्यालाच डॉक्टर साखर म्हणतात! मन निर्मळ असेल त्याला दगड फुलासारखा!" स्वतः मात्र सावलीतल्या गालिच्यावरून खाली उतरला नव्हता, पठ्ठ्या.

मी कोपरं मारत पुढे घुसले. "आई, थांबा! तुमचे पाय बधिर झालेत. ही सिद्धी नाही, आजार आहे आजार!"

"सुनेला सासूचं कौतुक बघवत नाही," एक चष्मेवाली बाई म्हणाली. लोक फिदीफिदी हसले. मी जाम भडकले.

"माझं ऐकू नका. ताई, तुम्हीच बघा. आई डोळे मिटून बसतील. तुम्ही हळूच बोट टेकवा, कुठे टेकवलं ते त्या सांगतील."

आई तोऱ्यात कट्ट्यावर बसल्या. चष्मेवालीने त्यांच्या हाताला बोट लावलं. "करंगळी," आई पटकन म्हणाल्या. मग मनगट. तेही बरोबर. टाळ्या पडल्या. मग तिने पायाच्या अंगठ्यावर बोट टेकवलं. आई गप्प. शेजारच्या बोटावर टेकवलं. तरी गप्प.

"लावा की हो," आई हसून म्हणाल्या, "किती वेळ वाट बघायची?"

चष्मेवालीचं बोट त्यांच्या पायावरच होतं. आता मात्र कुणी हसलं नाही.

"समाधी... माउलींची समाधी लागलीय..." पायगुरू पुटपुटला.

"मग मनगटाची का नाही लागली रे?" मागून एक आजोबा खेकसले.

मी आईंचा पाय उचलून तळवा वर केला. टाचेला दोन टपोरे फोड. अंगठ्याखाली काचेचा तुकडा रुतलेला, कडेने पू. चार दिवस तरी झाले असावेत. आईंनी डोळे उघडले, बघितलं, आणि माझा दंड घट्ट धरला. "अगं, हे कधी झालं? मला कसं नाही कळलं?"

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. "साखर वाढत राहिली की पायाच्या नसा मरतात, आई. मग चटका कळत नाही, काचही कळत नाही. त्यात तुम्ही गोळ्या सोडल्या."

रखवालदाराने सवयीने शिट्टी फुंकली. "शिट्टी घाल चुलीत आणि जाळी उघड!" चष्मेवाली गरजली. त्या गडबडीत पायगुरूने कधी पोबारा केला ते कळलंच नाही. मघाशी हसणाऱ्यांपैकीच चौघांनी आईंना एका खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून रस्त्यावर आणलं.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आई आता गोळ्या वेळेवर घेतात आणि रोज सकाळी स्वतःच मला हाक मारून तळवे दाखवतात.

लोकहो, चमत्काराला नमस्कार करायची आपली खोड जुनी. त्या तीन रविवारी शेकडो माणसं आईंच्या पायाशी वाकली होती. एकानेही तळवा बघितला नाही. वाकायचंच असेल तर खुशाल वाका, पण वाकलात की नीट बघा, आणि उठल्यावर मोठ्याने विचारा: सगळ्यांना चटका बसतो, मग हिलाच का बसत नाही?