तांब्याचे दोन टाके

नीट बसा, मित्रांनो, आणि मध्ये बोलू नका. मी परात आहे, पण कणीक मळायची परात नव्हे. माझ्या अंगावर आजवर पिठाची चिमूटही पडलेली नाही. मी अक्रोडाच्या लाकडाची, नदीच्या रेतीतून सोने धुऊन काढणारी परात आहे, आणि एल्वो नदीच्या काठी माझ्या वयाची दुसरी परात आता उरलेली नाही. ही बढाई नव्हे. जे आहे ते सांगते.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वीज पडून एक अक्रोड आडवा झाला. त्याच्या बुंध्यातून ओत्तावियो नावाच्या तरुणाने मला कोरून काढले. तो लोकरीच्या गिरणीत मागावर काम करी. सहा दिवस माग आणि सातव्या दिवशी नदी, असा त्याचा आठवडा होता. नदीही केवळ हिवाळ्यातली. उन्हाळ्यात डोंगरावरचे बर्फ वितळते आणि पाणी अंगावर येते. हिवाळ्यात तेच पाणी आटते, गोटे उघडे पडतात आणि त्यांच्यामागे साचलेली रेती माणसाच्या हाती लागते. ओत्तावियोने एक अख्खा शरद ऋतू मला घासण्यात घालवला. काचेच्या तुकड्याने मला गुळगुळीत केले, जवसाचे तेल पाजले आणि अगदी मध्यभागी एक उथळ खळगा ठेवला. त्यावर अंगठा फिरवून तो म्हणाला, "जे जड असेल ते इथे येऊन बसेल. तू फक्त सांभाळ." माझ्या आयुष्यातली पहिली आज्ञा ती. मी ती कधी मोडली नाही.

माझे काम दिसायला सोपे आहे. रेती भरायची, पाण्यात बुडवायची आणि गोल गोल झुलवायची. आधी गोटे जातात, मग पांढरी रेती वाहून जाते, शेवटी काळी रेती उरते. काळ्या रेतीच्या काठाशी, नशीब असेल तर, कोंड्याएवढे दोन-चार पिवळे कण चमकतात. या नदीने कोणालाही श्रीमंत केलेले नाही आणि आमच्यापैकी कोणी तशी अपेक्षाही केली नाही. दहा कण मिळाले की ओत्तावियो शीळ घालत घरी जाई. एवढ्यावर आमचे समाधान होते.

त्याच गिरणीत लोकर निवडायला एर्मेलिंदा नावाची मुलगी होती. ताठ मानेची आणि तिखट जिभेची. आमच्याकडे मानाची अंगठी तीच, जी घरच्या माणसाने नदीतून धुतलेल्या सोन्याची असेल. ओत्तावियोने तिला सांगितले, "पाच हिवाळे दे मला. तुझ्या अंगठीपुरतं सोनं काढतो."

"पाच? तोवर मी म्हातारी होईन."

"मग म्हातारीशी करीन लग्न."

पाच हिवाळे लागले. एर्मेलिंदा म्हातारी झाली नाही आणि अंगठी झाली. फिकट पिवळी, नुसत्या एल्वोच्या सोन्याची. तिच्यातला एकेक कण माझ्या खळग्यात बसून गेला होता, हे मी अभिमानाने सांगते.

नदीवर दोन नियम होते. पहिला एर्मेलिंदाने घातला: पाण्यात हात घालण्याआधी अंगठी काढून गळ्यातल्या दोऱ्यात ओवायची. गार पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. दुसरा नियम नदीकाठच्या सर्वांचा होता आणि फार जुना होता: ज्याने रेती परातीत भरली, त्यानेच ती धुवायची. दुसऱ्याने तिला बोट लावायचे नाही, मग तो नवरा असो वा भाऊ. एका कणापायी सख्ख्या भावांनी वीस वर्षे अबोला धरल्याचे गावाने पाहिले होते.

एका जानेवारीत ओत्तावियो बर्फाळलेल्या खडकावरून घसरला. खडक आणि त्याचा गुडघा यांच्यामध्ये मी आले आणि काठापासून खळग्यापर्यंत तडकले. एर्मेलिंदा म्हणाली, "नवी कोर आता. ही गेली."

"माझा गुडघा वाचवला म्हणून हिला फेकून देऊ? हा कुठला न्याय?" असे म्हणून त्याने बारीक भोके पाडली, तांब्याच्या तारेचे दोन टाके घातले आणि फटीत राळ भरली. ते टाके आजही माझ्या अंगावर आहेत. लक्षात ठेवा, ही सारी गोष्ट त्या टाक्यांचीच आहे.

मला मानही मिळाला. गावाच्या जत्रेत सोने धुण्याची शर्यत लागे. ओत्तावियोचा आणि माझा तीनदा दुसरा नंबर आला आणि दर वेळी चीजचा अख्खा गोळा बक्षीस मिळाला. पहिला नंबर का नाही, असे विचारू नका. पंच गिरणीमालकाचा मेहुणा होता.

पुढे प्लास्टिकच्या हिरव्या पराती आल्या. हलक्या, खोबणी पाडलेल्या, कुठेही आपटल्या तरी न फुटणाऱ्या. ओत्तावियो गेल्यावर मला लाकडाच्या कोठारात खिळ्याला टांगले गेले. सात हिवाळे मी नदी पाहिली नाही. पण एर्मेलिंदा दर शरदात येऊन मला तेल लावून जाई, म्हणून माझी काही तक्रार नव्हती.

याच काळात त्यांच्या मुलाने, वाल्तेरने, धातू शोधणारा डिटेक्टर आणला. हातात लांब दांडा, टोकाला ताटली, कानांवर झाकणे. जमिनीखाली धातू असला की ते यंत्र किंचाळते. वाल्तेर पन्नाशीला आलेला, बिनलग्नाचा. एर्मेलिंदा कडाडली, "वीस वर्षं सून आण, सून आण म्हणून घसा कोरडा केला, आणि आणलंस काय? ही बोंबलणारी काठी!"

"हीच तुझी सून, आई. घे ओवाळून."

त्याने गमतीने ती ताटली माझ्यावरून फिरवली आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली. "बघ, सासू दिसली की कशी किंचाळते!" वाल्तेर हसत सुटला. अर्थातच ते माझे तांब्याचे टाके होते. तेव्हापासून घरात तिचे नाव सूनबाई पडले आणि ती मला पाहून ओरडते ही गोष्ट सर्वांच्या सवयीची झाली. सूनबाईने नदीकाठी घोड्याचे नाल, काडतुसे आणि बाटल्यांची झाकणे पोतेभर शोधली. सोन्याचा एक कणही नाही, कारण आमचे कण तिला ऐकू येण्याइतके मोठे नसतात.

मग नीवेसचे लग्न ठरले. नीवेस ही एर्मेलिंदाच्या मुलीची मुलगी. ईस्टरनंतरचा शनिवार धरला. आपल्या बोटातली अंगठी नातीला द्यायची, हे एर्मेलिंदाने जाहीर करून टाकले, आणि तिने जाहीर केलेले आमच्या घरात ठरलेलेच असते. नीवेसला मात्र स्वतः धुतलेले थोडे तरी सोने लग्नात जवळ हवे होते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी तिघे नदीवर निघाले, आणि एर्मेलिंदाने मलाही खिळ्यावरून उतरवले.

नीवेस हिरव्या परातीत रेती घेऊन जोराने हिसके देऊ लागली. एर्मेलिंदा दोन मिनिटे गप्प बसली. तिच्या मानाने हे पुष्कळ झाले.

"अगं, कपडे धुतेस का ते? अर्धी नदी बाहेर आणि सोनं पाण्यात! सरक तिकडे."

तिने फावडेभर रेती माझ्यात घातली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. वय ऐंशी, पण मनगट तेच. मी झुलू लागले. सात वर्षांनी! त्या आनंदात माझेही भान सुटले आणि तिचेही. तिने अंगठी काढलीच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ती आकसलेल्या बोटावरून निसटली, रेतीत शिरली आणि कोणतीही जड वस्तू जिथे जाते तिथे, माझ्या खळग्यात, येऊन बसली. वरून काळी रेती पसरली. मला सारे कळले. पण मित्रांनो, लाकडाला तोंड नसते.

तेवढ्यात वाल्तेरने काठावरून हाक दिली, "आई, पोलेंता घट्ट होतोय! मग चमच्याऐवजी फावडं लागेल!" एर्मेलिंदाने मला एका खडकाच्या सावलीत ठेवले आणि बजावले, "ही रेती माझी आहे. कुणी हात लावायचा नाही." मक्याचा पोलेंता आणि चीज खाऊन झाल्यावर तिने रिकामे पातेले धारेत धरून वाळूने घासले. हात पुसताना तिने बोटाकडे पाहिले.

तिचा आवाज मी प्रथमच बारीक झालेला ऐकला. "वाल्तेर, माझी अंगठी..."

पातेले घासताना अंगठी धारेत गेली, असेच सर्वांना वाटले. वाल्तेर सूनबाईला घेऊन धारेच्या खाली गोटा न् गोटा तपासू लागला. एक नाल मिळाला, एक गंजका चमचा मिळाला. हिंडत हिंडत तो माझ्याजवळ आला आणि सूनबाईने हंबरडा फोडला. असा हंबरडा तिने याआधी कधी फोडला नव्हता.

"मामा, काय सापडलं?" नीवेस धावत आली.

"काही नाही गं, या परातीचे टाके. कान किटवले हिने." त्याने मला उचलून वीस पावले दूर नेऊन ठेवले, शोधात अडथळा नको म्हणून! सूनबाई आणि मी, जन्मात प्रथमच आम्हा दोघींचे एकमत झाले होते, आणि ऐकणारे कोणी नव्हते.

ऊन डोंगराआड जाईपर्यंत त्यांनी शोधले. पुढचे दोन रविवारही शोधले. मग एर्मेलिंदाने आपले रबरी बूट काढून वाल्तेरच्या हातात दिले. "पुरे झालं. नदीवर मी पुन्हा येणार नाही. अंगठी दुकानातून आणा."

"आजी, मी दुकानातली घालणार नाही," नीवेस म्हणाली.

"मग बिनअंगठीची उभी राहा चर्चमध्ये."

बोलायला ती अशी. पण त्या दिवसापासून ती डावा हात एप्रनच्या खिशात लपवू लागली. शेजारणी आल्या तरी बाहेर काढीना. आणि नीवेस? ती दर रविवारी एकटी नदीवर जाऊन गार पाण्यात उभी राहू लागली. सहा रविवारांत कण साठवायच्या कुपीचा तळही झाकला गेला नाही.

एर्मेलिंदाची रेती म्हणून कोणी हात न लावता मला तशीच भरलेली घरी आणले होते. मी कोठारात फळीवर होते, पोटात गोठलेल्या रेतीचे ढेकूळ घेऊन. माझ्या मनात खेद नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. जड ते सांभाळायची आज्ञा होती आणि मी सांभाळत होते. चिंता एवढीच होती की ढेकूळ वाळत चालले तसे माझे लाकूड ओढले जाऊ लागले होते. जुनी फट करकरत होती. मी दुभंगले असते तर ढेकूळ खालच्या भुशात पडले असते, आणि भुसा आमच्याकडे चुलीत जातो.

मार्चच्या आरंभी वाल्तेर सूनबाईला ठेवायला कोठारात आला. माझ्याजवळून जाताच ती ओरडली.

"मामा, बंद कर रे बाबा तिला!" मागोमाग लाकडे न्यायला आलेली नीवेस म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर गेली. "अरे देवा, ही तशीच ठेवलीये? लाकूड फाटतंय. आजी, परात धुऊ का गं?"

स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आले, "रेती कुणाची आहे ती?"

"तुझी."

"मग तू कोण धुणार?"

"मग तू ये! तू नदीला नाही म्हणालीस. अंगणातल्या हौदाला नाही म्हणाली नव्हतीस."

मग लाकडी चपलांचा आवाज आला. एर्मेलिंदाने मला पाहिले, रुंदावलेल्या फटीवरून अंगठा फिरवला आणि स्वतःलाच म्हणाली, "या घरात परात कधी न धुता झोपली नाही. ओत्तावियो असता तर मला आज अंगणातच उभं केलं असतं."

तिने मला दगडी हौदात बुडवले. सवयीने तिचा उजवा हात डाव्या बोटाकडे गेला, अंगठी काढायला. बोट रिकामे होते. हात तिथेच थबकला. मग ती मला झुलवू लागली. ढेकूळ विरघळले. पांढरी रेती गेली. काळी रेती चंद्रकोरीसारखी सरकली. खळग्यात काहीतरी होते, जे सरकत नव्हते.

ती हौदाच्या काठावर बसली. अंगठी तिने उचललीही नाही. नुसती पाहत राहिली.

"म्हणजे..." वाल्तेर सूनबाईकडे वळला. "म्हणजे ही त्या दिवसापासून..."

"सांगत होती," एर्मेलिंदा म्हणाली. "आणि तू टाक्यांवर ढकलत होतास."

"तूही, आई."

एर्मेलिंदाला असे उलट बोलून कोणी सुखाने जेवलेले नव्हते. पण ती म्हणाली, "मीही." तिच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि शेवटचाच. लगेच मान ताठ करून ती वाल्तेरला म्हणाली, "उभा काय राहिलास? सूनबाईला घरात आण. थंडीत ठेवतात का कुणी?"

ईस्टरनंतरच्या शनिवारी ती अंगठी नीवेसच्या बोटात गेली. तिने धुतलेले कण कुपीत आहेत आणि कुपी दर हिवाळ्यात थोडी भरते. त्या कणांची अंगठी व्हायला अजून वेळ आहे. माझी फट वाल्तेरने राळेने बुजवली. तांब्याचे टाके काढून लाकडी खुंट्या बसवू, म्हणजे सूनबाई उगाच ओरडणार नाही, असे त्याने सुचवून पाहिले. "तिला ओरडू दे," एर्मेलिंदा म्हणाली, आणि विषय संपला. आता माझा खिळा स्वयंपाकघरात आहे, चुलीपासून योग्य त्या अंतरावर. सूनबाई दाराआड उभी असते. आमचे बरे चालले आहे.

तर मित्रांनो, जी वस्तू तुमच्यासाठी राबते, तिला काम संपताच स्वच्छ करा, पुसा, तेल द्या, मगच जागेवर ठेवा. आणि कोणी रोज एकच गोष्ट ओरडून सांगत असेल, तर वैतागण्याआधी एकदा वाकून पाहा.

झाले माझे सांगून. उठा आता, आणि जाण्याआधी आपापली ताटे घासून ठेवा. मी इथून पाहते आहे.